शेंग आणि पिंड

लग्न होऊन मिनिअ‍ॅपोलिसला आले, त्या पहिल्या हिवाळ्यात टीव्हीवर ‘द मेरी टायलर मूर शो’चे जुने भाग लागायचे. त्याच शहरातल्या एका टीव्ही केंद्राच्या वृत्तविभागात घडणारी ही विनोदी मालिका. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि घरात मेरी, तिचा तापट पण मायाळू साहेब लू, बातम्या लिहिणारा मरे, बढाईखोर निवेदक टेड. परक्या गावात माझी पहिली ऊठबस या मंडळींत झाली.

25 ऑक्टोबर 1975 रोजी प्रथम दाखवलेला एक भाग तेव्हापासून माझ्यासोबत आहे. केंद्रावरचा विदूषक चकल्स शेंगेचा वेष घालून सर्कशीच्या मिरवणुकीत जातो आणि पिसाळलेला हत्ती त्याला सोलायला बघतो. त्यातच चकल्स मरतो. ऑफिसात कुणालाच हसू आवरत नाही. मेरी सगळ्यांवर चिडते. पण अंत्यविधीला सारे गंभीर बसलेले असताना तिलाच हसू फुटतं. धर्मगुरू म्हणतात, हस, त्याला आवडलं असतं. तशी ती ढसाढसा रडू लागते.

मरणावरचा विनोद मालिकेच्या नेहमीच्या दिग्दर्शकाला रुचला नव्हता, म्हणून जोन डार्लिंग यांनी तो भाग केला. लेखक डेव्हिड लॉइड यांना त्यासाठी एमी मिळालं. मला मात्र मेरीचं चिडणंच पटलं होतं.

पुढे माझे वडील, अण्णा, गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसातली माणसं ओट्यावर बसली होती. पावसाळ्यात छप्पर गळायचं तेव्हा अण्णा टेबलाशी छत्री उघडून खतावणी लिहायचे, ही आठवण निघाली आणि सगळे हसले. मी बाहेर येऊन म्हणाले, “ही काय हसायची वेळ आहे?” त्यांनी माना खाली घातल्या.

दहाव्याला संगम माहुलीच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. आईला सांभाळू म्हटलं, जमीन विकणार नाही म्हटलं. कावळे झाडावरच. शेवटी अण्णांच्या ऑफिसातले हेडक्लार्क हात जोडून पुढे झाले, “अण्णा, अर्धं राहिलेलं शब्दकोडं मी पुरं करतो.” कावळा झेपावलाच!

मला हसू फुटलं. तोंडाला पदर लावला, तरी आवरेना. हेडक्लार्क जवळ येऊन म्हणाले, “हसा ताई. अण्णांनी ऑफिसात कुणाला तोंड पाडून बसू दिलं नाही.”

दहा दिवस अडलेलं रडू तेव्हा आलं.