पावसाळ्यातली वही

लग्न होऊन संगमनेरहून भंडारदऱ्याला आले, तेव्हा एका गोष्टीचा मला मनातून फार आनंद झाला होता. इथे पाऊस चार महिने! म्हणजे वाचायलाही चार महिने. ह्यांची नोकरी धरणावर, माझे शाळेत तासिका तत्त्वावर मराठीचे तास, आणि बाहेर दिवसेंदिवस उन्हाचे नाव नाही. पलीकडच्या घाटघरला तर नगर जिल्ह्याची चेरापुंजीच म्हणतात. (जिल्हा २०२४ साली अहिल्यानगर झाला, पण तोंडात अजून नगरच येते.)

मग मी वर्षाची वाटणी करून टाकली. पावसात वाचन, दिवाळीपासून होळीपर्यंत लेखन आणि उन्हाळा पाहुण्यांचा. मेअखेर काजवे बघायला माहेरची मंडळी येतात. बाहेर हिरडा, सादडा, जांभूळ लुकलुकत असतात आणि मी आत पोळ्या लाटत असते. त्या दिवसांत पुस्तकाचे नावच काढायचे नाही.

वाचन झाले हो. लेखन मात्र "थंडीत बसू" यावर अडलेले. दिवाळीचा फराळ, मग भाताची झोडणी, मग मुलांच्या वह्या तपासणे. आणि मला काही कथा-कादंबरी लिहायची नव्हती. सासूबाईंच्या ओव्या उतरवून घ्यायच्या होत्या, एवढेच.

सासूबाई रतनवाडीकडच्या. शाळेचे तोंड पाहिलेले नाही, पण ओव्या किती! धरण १९२६ साली पुरे झाले. ते बांधताना पाहिलेल्या आजीकडून काही ओव्या त्यांच्याकडे आलेल्या. साने गुरुजींनी अशाच ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' काढले. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे कितीतरी ग्रंथ सिद्ध केले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. हे सगळे मी पावसात पाय पोटाशी घेऊन आवडीने वाचत होते, आणि ओव्यांची धनीण शेजारच्या खोलीत लसूण सोलत होती!

मागच्या वर्षी पौषात एकदाची वही घेऊन बसले. म्हटले, "आई, ती भावाची ओवी सांगा ना." त्यांनी सुरुवात केली. थांबल्या. पुन्हा सुरुवात केली.

"पहिली ओळ येती गं, पुढचं कुठं जातं कुणास ठाऊक."

आणि चूक आपलीच असल्यासारखा चेहरा करून उठून गेल्या. त्या दिवशी माझी भाजी करपली. रात्री ह्यांनी काय झाले विचारले, तर मला सांगता येईना.

यंदा पाऊस लागला तशी पुस्तके कपाटात ठेवली. मुलगी म्हणाली, "मोबाईलवर आवाज भरून घे." पण मोबाईल समोर धरला की सासूबाई फोटोला बसल्यासारख्या ताठ होतात! शब्द फुटत नाही. एक दिवस वीज नाही म्हणून गिरणी बंद, घरात नागलीचे पीठ संपलेले. पडवीत कोपऱ्यात पडलेले जाते धुऊन पुसून मांडले. सासूबाईंनी खुंटा धरला, मी समोर बसले, मूठभर नागली वैरली. चारदोन फेरे झाले असतील नसतील, तोच ओवी आली. भावाचीच. पुरी!

बसवून विचारले तर जे आठवत नव्हते, ते हात फिरू लागल्यावर आले. माझा हात खुंट्यावर, तेव्हा लिहायला मुलीला बसवले. "आज्जी म्हणते तसंच लिही, शुद्ध करू नकोस," असे तिला बजावले. मराठीच्या बाईंना हे सांगताना काय वाटले असेल, ते तुम्हीच ओळखा.

तुम्हीही पावसात लिहिणार असाल, तर पेन नको. दमट कागदावर शाई पसरते, शिसपेन्सिल बरी. पानांत वाळलेला कडुलिंबाचा पाला घालावा. माझी वही पत्र्याच्या डब्यात, तूरडाळीच्या शेजारी असते.

धरण भरले तोवर वहीत एकसष्ट ओव्या झाल्या. वीसेक अर्ध्याच आहेत. त्यांच्यापुढे जागा सोडली आहे. काहींची जागा तशीच राहील, हे मला कळते. वर्षभर आधी बसले असते तर, हा विचार पीठ चाळताना हटकून येतो.

परवा दिवाळी अंकांचा गठ्ठा आला. दोन दिवस तो तसाच बांधलेला पाहून हे म्हणाले, "यंदा वाचायचे नाहीत का?"

"थंडीत बघू," मी म्हटले. सासूबाई आतून विचारत होत्या, नागली किती उरली आहे.