वाळूच्या दोन गोण्या

मंडळाच्या गणपतीची मखर, सतरंज्या, मोठी पातेली वाहायला सोयीची म्हणून मी 1994 ची जुनी पिकअप घेतली होती. कोलोरॅडोत गोल्डनहून बोल्डरला जाणारा हायवे 93 वाऱ्यासाठी बदनाम. डोंगरावरून आडवा वारा उतरला की गाडी एका अंगाला कलायची आणि हौद्यातली पातेली खणखणत त्याच अंगाला धावायची. बायको डोळे मिटून घ्यायची.

पुढे गाडीचं कलणं रोखणारा गज, म्हणजे स्वे बार होता, मागे नुसते पाटे. मी मागचा बार मागवला आणि घरासमोर गाडी जॅकवर चढवली. पलीकडचे आजोबा, निवृत्त मेकॅनिक, कॉफीचा मग घेऊन बघत होते. जरा वेळाने मग बॉनेटवर ठेवून सरळ गाडीखाली सरकले. नोव्हेंबरातलं गार काँक्रीट, वय सत्तरीपुढचं.

"तो यू-बोल्ट सोड."

ॲक्सलवरची ब्रेकची नळी त्याखाली चिरडत आली होती. मी इंजिनिअर! गजाचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, हे कॉलेजात पाठ केलेलं. आजोबांनी कपड्यांचा तारेचा हँगर वाकवून यू केला. दोन्ही टोकं एकदम उचलली, तर तो नुसता फिरला. एकच उचललं, तर मधल्या तारेला पीळ बसला. तो पीळच गाडीला कलू देत नाही. बारची टोकं जोडणाऱ्या लिंकचे नट मी गाडी अधांतरी असतानाच आवळले होते. तेही ढिले करायला लावले. गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचं आवळायचं, नाहीतर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात.

जाताना म्हणाले, "आता मागची बाजू कडक झालीय. हौदा रिकामा असला तर बर्फावर आधी मागचं घसरेल." आणि आपल्या गॅरेजमधून साठ-साठ पौंडांच्या वाळूच्या दोन गोण्या आणून ॲक्सलच्या वर ठेवल्या.

पैसे घेतले नाहीत. दिवाळीच्या उरलेल्या चकल्या डबाभर नेल्या. डबा दुसऱ्या दिवशी घासूनपुसून परत आला. गोण्या मी एप्रिलमध्ये परत देणार होतो. पुढच्या एप्रिलमध्येही देणार होतो. मग आजोबा लेकीकडे राहायला गेले.

गेल्या वर्षी पिकअप विकली. गिऱ्हाइकाने हौद्यात वाकून विचारलं, "वाळू गाडीबरोबरच ना?"

म्हटलं, "नाही, ती माझी नाही."