फुटलेल्या तालीचा पंचनामा

नुकसानीच्या पंचनाम्याच्या कोष्टकात पीक आहे, क्षेत्र आहे, टक्केवारी आहे, ताल (उतारावरच्या खाचराचा दगडी बांध) नाही. कृषी खात्यात भोर-वेल्ह्याकडे (वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका) काम करताना ही उणीव मला दर पावसाळ्यात बोचत आली.

22-23 जुलै 2021च्या पावसात वरंधा घाट खचला, तेव्हा आजूबाजूच्या उतारावरची भातखाचरंही गेली. वरच्या खाचराची ताल फुटली की सगळं पाणी एकदम खालच्या खाचरात उतरतं, तीही ताल धरत नाही, आणि पाहता पाहता ओळच्या ओळ मोकळी होते. मी अशा खाचरात उभा राहिलोय. लावणी केलेली रोपं ओढ्याला लागलेली, तालीचे दगड खालच्या शेतात विखुरलेले आणि पायाखाली नुसता मुरूम. दोन-तीन पिढ्यांनी गाळ अडवून, पाट्या वाहून साठवलेली ती माती होती. "साहेब, भात काय, पुढल्या साली येईल. माती कुठनं आणू?" असं तिथला शेतकरी विचारतो.

आता मदतीचा हिशेब पाहा. 2022 ते 2026साठीच्या केंद्राच्या निकषांप्रमाणे 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर जिरायत पिकाला हेक्टरी 8,500 रुपये. दहा गुंठे भात गेलं तर साडेआठशेच होतात, म्हणून किमान मर्यादेचे हजार रुपये हातात पडतात. जमीनच वाहून गेली तर अल्प व अत्यल्पभूधारकाला हेक्टरी 47,000. वीस गुंठ्यांचे होतात साधारण साडेनऊ हजार. रोजगार हमीच्या 2025-26मधल्या 312 रुपये रोजानं नवरा-बायकोनं पंधरा दिवस राबावं, एवढे. तेवढ्यात दगडही पुरते गोळा होत नाहीत.

अतिवृष्टीची अट मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरची. घाटमाथ्यावर जुलैत तेवढा पाऊस नित्याचाच, त्यामुळे या आकड्यावरून इथली आपत्ती कळतच नाही. शिवाय सातबारा सामाईक. निम्मे भाऊ मुंबईत, त्यांची संमतीपत्रं जमवायची, मग ई-केवायसी, आणि गावात रेंज नाही. दुसऱ्याची वरकस जमीन कसणाऱ्या कातकऱ्याचं नाव तर उताऱ्यावर नसतंच.

ऑक्टोबर 2025च्या राज्याच्या पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीसाठी रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंत कामाची तरतूद झाली. ही दिशा मला पटते, कारण इथे पिकाऐवजी जमीन उभी करण्याचा विचार आहे. पण डोंगरात हेक्टरचं माप चालत नाही. पाच गुंठ्यांच्या खाचराला लांबलचक, पुरुषभर उंचीची ताल असू शकते. तालीची लांबी-उंची मीटरमध्ये मोजून त्यावर अंदाजपत्रक व्हायला हवं, आणि तेही एकेका खातेदाराचं वेगळं न करता वरपासून खालपर्यंत अख्ख्या ओळीचं. मंजुरी आणि मस्टर भातकापणी उरकताच निघायला हवं, म्हणजे उन्हाळ्याचे महिने कामाला मिळतात. वरच्याचं नाव उताऱ्यावर नाही म्हणून त्याची ताल तशीच राहिली, तर पुढच्या जूनमध्ये खालच्याची नवी ताल पहिल्याच मोठ्या पावसात जाते, आणि सरकारचा पैसाही तिच्याबरोबर जातो.