तलावातले मीठ आणि रानातली माती

लातूरजवळ औसा रस्त्याला आमच्या दुल्हाभाईंचे पाच एकर रान आहे. थोडे सोयाबीन, थोडी तूर, एक बोअर, आणि तीन वर्षांपूर्वी बांधलेला पोहण्याचा तलाव. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ४०,००० लिटर पाणी. उन्हाळ्यात तो कुटुंबांना भाड्याने देतात. भोवती उंच भिंत आहे आणि रविवारचा दिवस फक्त बायका-मुलींचा. आमची आपा वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तिथेच पोहायला शिकली. तिच्यासारख्या किती जणींना अशी जागा मिळते?

पण लातुरात तलाव म्हटला की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडायलाच हवी. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तिच्या दहा टाक्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. आजच्या हिशेबाने दुल्हाभाईंचे साडेबारा तलाव. तेवढ्या पाण्यासाठी गाडी साडेतीनशे किलोमीटर धावली. म्हणून घरात पहिल्या दिवसापासून एक नियम आहे, तलाव रिकामा करायचा नाही. तेच पाणी गाळायचे, शुद्ध करायचे, वापरायचे.

शुद्ध कसे करायचे, यावरून यंदा फेब्रुवारीत मशविरा बसला. रानातला गडी आजवर तांब्याने ब्लीचिंग पावडर टाकत असे. कधी पाणी गढूळ व्हायचे, कधी पोरांचे डोळे लाल. हिशेब केला तर ४०,००० लिटरमध्ये क्लोरीनचे प्रमाण लिटरमागे एक मिलिग्रॅमने वाढवायला ४० ग्रॅम क्लोरीन लागतो. ब्लीचिंग पावडरमध्ये तो साधारण तीस टक्के, म्हणजे १३० ग्रॅमच्या आसपास पावडर. तांब्यात किती बसते ते तुम्हीच बघा.

भाच्याने उपाय आणला तो मिठाच्या यंत्राचा. तलावात मीठ विरघळवायचे, गाळणीच्या पुढे नळीत एक पेटी बसवायची. आत टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. त्यांतून वीज गेली की मिठातून क्लोरीन तयार होतो, जंतू मारतो आणि पुन्हा क्षारात मिसळून जातो. मीठ संपत नाही. आम्ही भाषा शिकवणारी माणसे, पण शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर हे दहा मिनिटांत समजावले. यंत्राची किंमत आमच्या एका पगाराला भिडणारी. बसवणारा माणूस पुण्याहून येणार, त्याचे पैसे वेगळे. भाचा म्हणाला, "ठिबकची पूर्ण लाइन मी टाकली. हे का नाही जमणार?"

नळीचे काम त्याला जमले असते, यात आम्हाला शंका नव्हती. नळी कापायची, दोन युनियन लावायचे, पेटी सगळ्यांच्या शेवटी बसवायची. अडचण विजेची. पट्ट्यांना मिळणारी वीज कमी दाबाची असली तरी नियंत्रण पेटीत २३० व्होल्ट येतात, आणि जवळ ओल्या पायांनी पळणारी मुले. आपा एवढेच म्हणाली, "पानी में करंट? तौबा!" अर्थिंग नीट असणे, ३० मिलीॲम्पिअरला पडणारा गळती-रोधक स्विच असणे, ही कामे परवानाधारक वायरमनचीच, असे आम्ही ठरवले. त्यात पैसे वाचवायचे नाहीत.

दुसरी गोष्ट विज्ञानाच्या सरांनी सांगितली. क्लोरीनबरोबर हायड्रोजनही निघतो. पाणी वाहत असले तर तो वाहून जातो. पंप बंद आणि यंत्र चालू राहिले तर तो साठतो आणि पेटू शकतो. म्हणून पाणी थांबताच यंत्र बंद करणारा स्विच असतो. तो चुकवून जोडणी केली तर पत्र्याच्या बंद पंपघरात काय होईल, हे सांगायची गरज नाही. शिवाय यंत्र पंप चालेल तेवढाच वेळ क्लोरीन करते, आणि आमच्याकडे शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. त्यात बोअरचे पाणी जड. पट्ट्यांवर पांढरा थर बसणार, तो ॲसिडने धुवायचा. ते ॲसिड ब्लीचिंग पावडरला लागले तर विषारी वायू. गड्याला हे कोण समजावणार, कोण लक्ष ठेवणार?

तरीही पारडे यंत्राकडेच झुकत होते. नळी भाच्याने, वीज वायरमनने, असा मधला रस्ता निघालाही होता. मग दुल्हाभाईंनी सहज विचारले, "मीठ किती लागेल?"

लिटरला साडेतीन ग्रॅम धरले तर ४०,००० लिटरला १४० किलो. जवळजवळ तीन पोती. ते ऐकून दुल्हाभाई गप्प झाले. गाळणी उलट्या धारेने धुतात ते पाणी आज पाटाने तुरीत जाते. एका धुण्याला ५०० लिटर गेले तर त्यासोबत पावणेदोन किलो मीठ. आठवड्याला एकदा धरले तरी चार महिन्यांत अर्ध्या पोत्याहून जास्त मीठ रानात. आमची जमीन काळी, चिकण, निचरा कमी. अशा जमिनीत सोडियम साठला की कण विस्कटतात, पाणी मुरत नाही, वर कडक पापुद्रा येतो. शेतकरी तिला चोपण म्हणतात. चोपण झालेले रान सुधारायला जिप्सम टाका, निचऱ्याचे चर काढा, वर ते धुवायला गोडे पाणी ओता. ते गोडे पाणी लातुरात आणायचे कुठून?

मिठाच्या पाण्यासाठी वेगळा अस्तराचा खड्डा काढावा, उन्हात आटू द्यावे, असे भाच्याने सुचवले. सूचना वाईट नाही. पण मग ते ५०० लिटर तुरीच्याही कामाचे राहिले नाहीत. पाणी दोनदा वापरायचे म्हणून तर हा सगळा खटाटोप.

यंत्र घेतले नाही. त्याऐवजी क्लोरीन आणि आम्लता तपासायची पेटी आणली, पावडरीसाठी वजनकाटा, आणि एक वही. भाची रोज सकाळी थेंब टाकून रंग पाहते. क्लोरीन एक ते तीन, पीएच ७.२ ते ७.८. पावडर आधी बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचे पाणी संध्याकाळी तलावात सोडतात, कारण मराठवाड्याचे ऊन क्लोरीनला दुपारभर टिकू देत नाही. दारावर आपाने स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे, मराठीत आणि उर्दूत: आधी अंघोळ, मग तलाव. डोळे चुरचुरतात आणि उग्र वास येतो तो बहुतेक वेळा घाम आणि लघवीशी क्लोरीन मिसळल्यामुळे, हे तिला कळल्यापासून ती पाटीजवळ स्वतः उभी राहते.

भाचा अजून थोडा नाराज आहे. पुढच्या वर्षी गाळणी मोठी घ्या, मग धुण्याला पाणी कमी लागेल, तेव्हा पुन्हा बोलू, असे म्हणून त्याने यंत्राचा कागद कपाटात जपून ठेवला आहे.