देश निवडायचा कसा?

बी.ए. इंग्लिश, अनुभव शून्य, मुक्काम मंठा. आणि स्वप्न काय, तर परदेशात इंग्रजी शिकवायचं! तुम्हीही असाल ना या रांगेत? पहिली पसंती अर्थातच दक्षिण कोरिया. पगार सॉलिड, वर राहायला घर! पण तिथला ई-२ व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडासारख्या सात इंग्रजीभाषक देशांच्या पासपोर्टवर मिळतो. २०१० च्या व्यापार करारानं भारतीयांसाठी दार किलकिलं झालं खरं. पण शिक्षकाची पात्रता हवी. म्हणजे आधी बी.एड.!

थायलंडचा पगार कमी, पण तिथं आपल्यासारख्यांनाही शाळा घेतात. पदवी हवी, इंग्रजीच्या परीक्षेत चांगले मार्क हवेत. व्हिएतनामला पदवीसोबत इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट लागतं.

‘टुरिस्ट व्हिसावर जा, बाकी नंतर बघू’ म्हणणाऱ्या एजंटला मात्र लांबूनच नमस्कार. वर्क परमिटशिवाय शिकवणं तिथं गुन्हा आहे. आणि माझं तिकीट बाबांच्या सोयाबीनच्या पैशातून निघणार आहे, यार!

म्हणून आधी पासपोर्ट, मग परमिट, पगार शेवटी. या हिशेबात माझं ठरलं: थायलंड. तोवर संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना इंग्रजी शिकवतोय. अनुभवाचा रकाना रिकामा कशाला ठेवायचा?