31 मार्चच्या आत

उंब्रज, शनिवार, 29 मार्च 2025

उपमुख्यमंत्री अजित पवारांनी काल बारामतीत सांगून टाकलं : माफीची वाट बघू नका, 31 मार्चच्या आत पीककर्ज भरा. शेतकरी असलेले नाना पेपर घेऊनच आले. आल्याचा दर पडो, ऊसतोड लांबो, नानांनी सोसायटीचं कर्ज कधी थकवलेलं नाही. 2017 ला दीड लाखापर्यंत माफी झाली, 2019 च्या योजनेत दोन लाखांपर्यंत. नियमित भरणाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून आधी कमाल पंचवीस हजार, नंतर पन्नास; तेही वाट बघायला लावून.

बोलता बोलता गाडी माझ्या चर्चवर आली. "मास्तर, तुमच्यात बी कर्जमाफीच हाय की. यानं पाप करायचं, देवानं खातं निल करायचं. मग निमानं फेडणाऱ्यानं काय घोडं मारलंय?"

चहा झाला, उत्तर राहिलं.

रविवार, 30 मार्च. पाडवा

एसटीने साताऱ्याला उपासनेला. वाटेत दारोदार गुढ्या. लेंटचा चौथा रविवार, वाचन लूकमधला उधळ्या पुत्राचा दाखला. पाळकांनी धाकट्या मुलावर छान उपदेश केला : डुकरांपुढच्या शेंगा, धावत आलेला बाप, अंगठी, पायतण. माझं लक्ष मोठ्या भावावर. शेतातून येतो, वाजवणं ऐकून गड्याला विचारतो आणि दाराबाहेरच थांबतो. इतकी वर्षं राबलो, मला साधं करडूसुद्धा नाही, म्हणतो. अगदी नाना! पण त्याच्यासाठीही बाप घराबाहेर आला, विनवू लागला. मोठा शेवटी आत गेला का, ते येशूने सांगितलेलंच नाही. बापाचं सगळं त्याचंच होतं आणि तो घरात राहून चाकरीचा हिशेब ठेवत बसला. कृपेची गरज त्यालाही होती, हे आमच्या उपदेशांत फारसं येत नाही. आजही एका वाक्यात उरकलं.

दाराबाहेर थांबलेल्यांवरून आठवलं : याच साताऱ्यात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून, संन्यास घेऊन 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. मिशनच्या शिस्तीत हे बसणं कठीणच. 9 मे 1919 ला ते गेले.

सोमवार, 31 मार्च

ईद असूनही सोसायटी उघडी. नाना भरून आले, पावती खिशात. म्हटलं, नाना, तुमचा प्रश्न जुना आहे. कृपा वाढावी म्हणून पाप करतच राहायचं का, असं पौलाने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःच विचारलंय आणि तिथेच झिडकारलंय. त्याच्या लेखी पाप ही नुसती थकबाकी नाही, पाप हा धनी आहे आणि माणूस त्याचा दास. खातं निल झालं तरी धनी तोच राहिला, तर माणूस सुटला कुठे? 2008, 2017, 2019, तीनदा माफी झाली आणि काहीजण चौथ्यांदा रांगेत आहेतच.

नाना बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पर माफी म्हंजी पैसं कुणीतरी भरलेलंच असत्यात. तुमच्यात कुणी भरलं?"

बोट नेमकं जागेवर पडलं. ख्रिस्ताने, वधस्तंभावर, असं सांगितलं. नाना मान हलवून गेले; पटलं असं नाही.

रात्री पंडिता रमाबाई आठवल्या. बाप्तिस्मा 1883 चा. तारण आपल्या कमाईचं नाही, फुकट मिळतं, हे उमगायला पुढे आठेक वर्षं लागली, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. आणि उमगल्यावर? केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या बायका-मुली, मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर. फुकट मिळालं म्हणून बाई हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. पौलाचं म्हणणं नानांना पटवायचं तर याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही.

बुधवार, 9 एप्रिल

जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफरला नाझींनी फाशी दिली त्याला आज 80 वर्षं. वय 39. पश्चात्तापाशिवाय वाटलेल्या माफीला त्याने 1937 च्या पुस्तकात स्वस्त कृपा म्हटलं. तो शब्द आमच्या मंडळ्यांना आजही झोंबायला हवा.

उत्तम शुक्रवार 18 तारखेला. पाळकसाहेबांना फोन करून विनंती केली : ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर बोलालच, पण त्याआधी रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय पूर्ण वाचा, आणि मोठ्याने वाचा.