पसरणीच्या चढावर मागची चाकं

पावसाळ्यात पसरणी घाटात डोंगरावरून बारीक खडी वाहून येते आणि वळणांच्या आतल्या बाजूला साचून राहते. वाईतून निघालेला हा रस्ता बारा-तेरा किलोमीटरांत जवळपास सहाशे मीटर वर चढतो. खाली धोमचं पाणी कधी शिसवी, कधी निळं, आणि पाचगणी जवळ आली की सिल्व्हर ओकची सरळसोट झाडं. सगळं डोळ्यांत भरून घ्यावं असं. पण पुढची एसटी वळणावर थांबते, मागे आपणही थांबतो, आणि मग चढावर, त्या खडीवर, पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलायची असते.

आमची अॅम्बॅसिडर तिथेच उड्या मारायची. चाक नुसतं घसरलं तर सर्रकन आवाज येतो आणि गाडी किंचित तिरकी होते. हे तसं नव्हतं. हे ठोके होते, सेकंदाला दहाएक, सीटमधून थेट मणक्यात चढणारे. मागचा सगळा अॅक्सल जमिनीवर आपटतोय असं वाटायचं, आणि तो खरोखरच आपटत होता.

गाडी जुनी, मूळ १४८९ सीसीच्या इंजिनाची. वडिलांनी तिच्यात इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन बसवून घेतलं होतं, पाच गिअरच्या बॉक्ससकट. नव्वदच्या दशकात कंपनीनेच हे इंजिन अॅम्बॅसिडरमध्ये द्यायला सुरुवात केली, तेव्हा आमच्यासारख्या कितीतरी घरांनी जुन्या गाड्यांना ते चढवलं. घाटात तिची झेप अशी, की तिसऱ्या गिअरमध्ये लांब चढ गुणगुणत पार व्हावा. मला ती गाडी फार प्रिय आहे. तिच्या त्या गोल बॉनेटवरून पाचगणी जशी दिसते तशी दुसऱ्या कुठल्याच काचेतून दिसत नाही. ताकद मात्र दीडपटीच्या घरात गेली, आणि मागचे पाटे राहिले जुन्या इंजिनाच्या मापाचे.

पाट्यांवर इथे दोन कामं असतात. गाडीचं वजन पेलायचं, हे एक. दुसरं सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: अॅक्सलला जागेवर धरून ठेवायचं. चाक रस्त्याला मागे रेटतं तेव्हा अॅक्सलचं हाऊसिंग उलट्या दिशेला फिरू बघतं, त्याचं नाक वर उचललं जातं. त्याला अडवणारं दुसरं काहीच नसतं. पाटेच अडवतात, आणि अडवता अडवता पिळले जातात. पुढचा अर्धा भाग वर, मागचा खाली, बाजूने पाहिलं तर नागमोडी. त्या पिळात जोर साठत जातो. टायरची पकड सुटली की साठलेला सगळा जोर एकदम मोकळा होतो, हाऊसिंग झटक्याने खाली येतं, टायर पुन्हा रस्ता पकडतो, पाटा पुन्हा पिळला जातो. पकड, सुटका, पकड, सुटका. हे थांबवलं नाही तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, क्राऊन-पिनियन, पाट्यांचा सेंटर बोल्ट, सगळ्यांचं आयुष्य त्या ठोक्यांत झिजतं. म्हणून ठोका ऐकू आला की आधी पाय उचलावा. अॅक्सिलरेटर दाबून धरणं म्हणजे लोखंडाला छळणं आहे.

एका गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, दोन पाटे वाढवा. हा सल्ला घाटाखाली सर्रास मिळतो, कारण मालाच्या गाड्यांना तो लागू पडतो. आमच्या गाडीला तो घातक ठरला असता. पाटे वाढले की मागची बाजू दगड होते. रस्त्याच्या बारीक लाटांवर चाक जमिनीला टेकतच नाही, आणि जे टेकत नाही त्याची पकड कसली?

वाईच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेऊन, पहार लावून, एकेक बुश हलवून पाहिला. यू-बोल्ट सैल होते, ते आवळले. मागचे शॉकअप हाताने दाबले तर काही विरोध न करता आत जात होते. मग म्हणाले, "ताई, पाटं वजन उचलायला पुरं हाईत. त्यांना कुस्ती खेळाय लावू नका. हाऊसिंगला धरनारा येगळा गडी द्या."

तो वेगळा गडी म्हणजे टॉर्क रॉड. एक टोक हाऊसिंगला, पाट्याच्या बैठकीखाली. दुसरं पुढे, गाडीच्या अंगाला. जोर लागला की हाऊसिंगचा खालचा भाग पुढे सरकू बघतो, रॉड त्याला तिथेच अडवतो. खड्ड्यात मात्र अॅक्सल वर-खाली मोकळा राहायला हवा, आणि सगळं कसब त्यात आहे. रॉड अति आखूड झाला किंवा कोन चुकला, तर खड्ड्यात तो एका वर्तुळात फिरतो, पाटा दुसऱ्या, आणि दोघांच्या ओढाताणीत ब्रॅकेट फाटतं. अॅम्बॅसिडरला वेगळी चासी नाही, म्हणून ब्रॅकेट नुसत्या पत्र्यावर जोडून भागत नाही. मिस्त्रींनी पाट्याच्या पुढच्या हँगरशेजारची मजबूत जागा शोधली, आतून जाड पट्टी दिली, मग वेल्डिंग केलं. त्यांच्या त्या दुपारच्या सावकाशीबद्दल मला अजून आदर वाटतो.

हा त्रास मोठ्यांनाही चुकलेला नाही. शेव्हरोलेच्या १९६७च्या कमारोला मागे दोन्ही बाजूंना एकेकच पाटा होता आणि जोरदार इंजिनाखाली तो पिळवटायचा. १९६८ साली त्यांनी एक शॉकअप अॅक्सलच्या पुढे, दुसरा मागे बसवला, म्हणजे हाऊसिंग फिरू लागताच एक दाबला जाईल, दुसरा ताणला जाईल. फोर्डची मस्टँग २०१६ साली भारतात आली ती मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन घेऊन, पाटे नाहीतच. तरी तिच्याही मालकांना चाकांच्या उड्या भेटल्या. तिथे पीळ बसतो तो मागच्या सबफ्रेमच्या आणि डिफरन्शियलच्या मऊ रबरी बुशांना, आणि उपाय त्या बुशांना आधार देण्याचा, किंवा ते कडक घेण्याचा.

कडक किती, यावर मिस्त्रींशी माझं एकमत आहे. पॉलीयुरेथेनचे बुश रॉडच्या दोन्ही टोकांना घातले तर पकड आणखी चोख होईल, पण डिफरन्शियलची गुणगुण आणि रस्त्याची प्रत्येक खडी आत, मागे बसलेल्या आईच्या पायांपर्यंत येईल. म्हणून हाऊसिंगच्या टोकाला पॉलीयुरेथेन, पुढच्या टोकाला रबर. नवे शॉकअप घातले. टायरमधली हवा नेमकी ठेवली. आता त्याच वळणावर, त्याच खडीवर, पहिल्या गिअरमध्ये पाय दिला की चाक जरासं घसरतं, खडी मागे फेकतं आणि गाडी निघते. ठोका नाही. रबराचा बुश दर दसऱ्याच्या आसपास उघडून पाहावा लागतो. चिरला असेल तर बदलायचा, आणि ब्रॅकेटच्या वेल्डिंगवरून बोट फिरवून बारीक चीर गेली आहे का तेही पाहायचं.